वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बेट

"मुकी आहे की काय गं तुझी भाची?"

"मुकी कसली," मावशी म्हणाली, "इंग्रजी आहे."

नळावरच्या दोघीतिघी हसल्या. मी रिकामी कळशी घेऊन जिन्याच्या तळाशी दाराच्या आत उभी होते. बाहेर पडले असते तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. न पडले तर पाणी जाणार होतं. मी उभीच राहिले, आणि पाणी गेलं.

माझे वडील रेल्वेत होते. त्यांची बदली होई त्या गावी रेल्वेवाल्यांच्या मुलांची जी शाळा असे तिच्यात मला घालत, आणि त्या सगळ्या शाळा नन्सच्या होत्या. घरी आम्ही मराठीच बोलत होतो, पण घरातलं मराठी म्हणजे जेव, झोप, अभ्यास झाला का, एवढंच. वडिलांची बदली आसामात झाली तेव्हा मला कॉलेजसाठी गिरगावात मावशीकडे ठेवलं. पहिल्याच आठवड्यात मी नळावर काहीतरी बोलले आणि बायका हसल्या. काय बोलले होते ते आता आठवत नाही. हसणं आठवतं. त्यात वाईट काही नव्हतं, लहान मूल पहिल्यांदा बोललं की हसतात तसं ते होतं. पण मी अठरा वर्षांची होते. त्यानंतर मी 'हो', 'नाही' आणि 'आले' यांवर काम भागवू लागले.

मावशी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची, आणि शाळा सुटली की परस्पर सभेला जायची. ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. चौपाटीवर मोठी सभा असली की तिचा आवाज आमच्या गॅलरीपर्यंत येई; शब्द कळत नसत, नुसती गाज यावी तसा. कॉलेज आज हरताळ म्हणून बंद, उद्या मोर्चा म्हणून बंद, परवा कुठे दगडफेक झाली म्हणून बंद. काका पेढीवर जात. दुपारभर खोलीत मी एकटी असे. आसामात आईला पत्र लिहायला बसले की 'इथे सगळं ठीक आहे' यापुढे काही सुचत नसे, म्हणून मी वाचत असे.

चर्नी रोडच्या बाजूला एका जिन्याखाली इंग्रजी पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी होती. तिथल्या एका फळीवर सगळी एकाच घरात जन्मल्यासारखी पुस्तकं होती. मुखपृष्ठावर माड, मोठं लाल फूल, पांढऱ्या झग्यातली मुलगी, मागे निळा समुद्र. गोष्टही बहुतेक एकच. इंग्लंडातल्या धुक्याच्या गावातली एखादी गरीब मुलगी, नर्स नाहीतर टायपिस्ट, बोटीत बसून कुठल्याशा उष्ण बेटावर जाते. तिथे मळ्याचा मालक असतो, उन्हानं रापलेला आणि तुसडा. दोनशे पानं तो तिच्याशी धड बोलत नाही, आणि शेवटच्या चार पानांत सगळं बोलून टाकतो. खरं सांगायचं तर मला तो मालक फारसा आवडत नसे. मला झाडं आवडत. प्रत्येक प्रकरणात मुलगी व्हरांड्यात आली की तिच्याभोवती फुलं असत, फ्रँजिपानी, हिबिस्कस, ऑर्किड. ही नावं मी मनातल्या मनात म्हणत असे. ती झाडं दिसतात कशी हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असंही वाटत नव्हतं.

मावशी सभेहून घसा बसवून यायची. त्या घरात लाल फूल माळलेली मडम उशाशी ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. नेमका चळवळीचा मथळा वर आला, जाड काळ्या अक्षरांत. काकांनी तो पाहिला आणि रात्री जेवताना मावशीला म्हणाले, "वाचते बरं का पोरगी. उगाच नावं ठेवू नका." मावशीनं मला वाढताना एक पोळी जास्त वाढली. मी ती खाल्ली.

पाणी गेलं त्या दिवशी दुपारी गॅलरीच्या टोकाच्या खोलीतल्या वैनी आमच्या दारात आल्या. कमरेवर भरलेली कळशी होती. ती त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवली.

"बोलू नको हवं तर," त्या म्हणाल्या. "पाणी घे."

वैनी मालवणाकडच्या. वय असेल अठ्ठावीस-तीस. त्यांचे यजमान एडनला बंदरावर एका कोळशाच्या कंपनीत कारकून होते, तीन वर्षांपासून. खोलीत वैनी आणि त्यांचा दीर. दीर छापखान्यात कामाला होता आणि झोपायला गॅलरीत असायचा. वैनींकडे मूलबाळ नव्हतं, पण झाडं होती. गॅलरीच्या कठड्यावर तुटके माठ, डालड्याचे डबे, एक कान तुटलेली कढई, आणि त्या प्रत्येकात काहीतरी हिरवं. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकतं म्हणून रोज भांडण असे, आणि रोज वैनी "उद्यापासून नाही घालत" म्हणत.

कळशी ठेवताना त्यांचा ओला हात माझ्या पुस्तकाला लागला आणि कव्हर सरकलं. आतले माड दिसले.

"हे कुठलं गो गाव?"

"बेट आहे."

"बोटीनं जावं लागतं?"

"हो."

वैनी वाकून चित्र बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एडन असंच असेल?"

एडन कसं आहे हे मला माहीत नव्हतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर मग कसं आहे ते सांगावं लागलं असतं. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर इंग्रजी शाळेत जाऊन ही काय शिकली, असं वाटलं असतं. 'हो' हे सगळ्यांत लहान उत्तर होतं.

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला त्या पुन्हा आल्या. या वेळी कळशी नव्हती. भिजवून मोड आणलेल्या वालांची परात होती. दारातच बैठक मारून त्या वाल सोलू लागल्या आणि म्हणाल्या, "सांग. काय काय आहे तिथं?"

मी पुस्तक उघडलं आणि एकेक वाक्य मनात मराठी करून सांगू लागले. फार अडखळत असे. पण वैनींचं लक्ष वालांकडे असे, माझ्या तोंडाकडे नसे, त्यामुळे जमत गेलं. शब्द अडला की त्या थांबत, एक दोन वाल सोलत, आणि मग तो शब्द परातीत टाकल्यासारखा मला देत.

"एक झाड आहे," मी सांगत होते. "फांद्या जाड. तोडली की दूध येतं. फूल पांढरं, आत पिवळं. वास येतो."

"चाफा."

"चाफा?"

"देवळातला चाफा गो. गल्लीच्या तोंडाशी नाही का? त्याखालून तर जातेस कॉलेजला."

दुसऱ्या दिवशी मी त्या झाडाखाली उभी राहिले. खाली पडलेली फुलं लोकांनी तुडवली होती. एक उचललं. हीच माझी फ्रँजिपानी. मला आनंद झाला की वाईट वाटलं हे सांगता येत नाही, कारण दोन्ही नीट झालं नाही.

असंच सगळ्यांचं झालं. हिबिस्कस म्हणजे मावशी गणपतीला वाहते ती जास्वंद. ज्याचं फळ भाजून बेटावरची माणसं पावासारखं खातात ते झाड म्हणजे नीरफणस. वैनी म्हणाल्या, त्याची कापं तळून खा एकदा, मासे विसरशील. ऑर्किड तेवढं राहिलं होतं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते तरी बेटाचंच निघेल असं मला वाटत होतं.

"हे फूल मातीत येत नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या झाडावर येतं. लांब तुरा लोंबतो. पांढरा, त्यावर जांभळे ठिपके."

वैनींनी पहिल्यांदा वालावरून नजर उचलली.

"सीतेची वेणी. आमच्या गोठ्यामागच्या आंब्यावर येते पावसात. आम्ही पोरी केसात घालत होतो." मग हसून म्हणाल्या, "ह्या मडमेला एवढ्यासाठी बोटीनं जावं लागलं?"

चुंबनाच्या जागा मी गाळत असे. तिथे पोचले की म्हणत असे, "मग ते बोलले."

"फार बोलतात गो ही माणसं," वैनी एकदा म्हणाल्या. "आणि बोलणं झालं की हिचे कान लाल कसे होतात?"

मी पान उलटलं. माझेही कान लाल झाले असावेत, कारण त्या बराच वेळ परातीत बघून हसत होत्या.

त्या दिवसांत माझ्या दिवसाचा आकार बदलला. सकाळी उठल्यावर मला दोन वाजण्याची वाट असे. दिवसभरात मी जे काही बोलत असे ते सगळं त्या एका तासात. बाकी कुणी माझी वाट बघत नव्हतं. कॉलेजात मुली आपापल्या घोळक्यात असत, आणि चाळीत मी 'ती इंग्रजी' होते. वैनी मात्र उशीर झाला की दारातून हाक मारत, "काय गो, आज बोट लागली नाही का?"

त्यांच्यापुढे एक प्रश्न होता, तो मला हळूहळू कळला. दिराचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. एका खोलीत नवं जोडपं आणि वैनी, हे होण्यासारखं नव्हतं. दीर चांगला होता, स्वतःहून काही म्हणाला नसता. पण वैनींना कळत होतं. एक तर त्यांनी गावी सासूबाईंकडे जायचं. तिथे घराच्या मागे आगर होतं, नारळी-पोफळीची बाग, वैनींनी लग्न झाल्यावर पाच वर्षं स्वतः शिंपलेली. सासूबाई थकल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत ये, नाहीतर आगर चुलत दिराच्या हाती द्यावं लागेल, आणि एकदा दिलं की ते परत येणार नाही. नाहीतर एडनला जायचं. यजमानांचं पत्र मी पाहिलं होतं. 'येथील सर्व क्षेम. हवा उष्ण आहे. प्रकृती ठीक. हिरवी भाजी मिळत नाही. यायचे तर ये, मनात नसेल तर गावी राहा. तू ठरव.'

"हिरवी भाजी मिळत नाही म्हणे," वैनी म्हणाल्या. "पुरुषमाणूस. बाजारात जायचा कंटाळा."

मी काही बोलले नाही. आपण बोललो नाही म्हणजे आपण काही केलं नाही, असं मला तेव्हा वाटत असे.

नागपंचमीच्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, त्यामुळे वैनी सकाळीच मोकळ्या झाल्या. त्या माझ्यापाशी येऊन पाय पसरून बसल्या. त्या दिवशी त्यांना बेटाची गोष्ट नको होती, बेटाची माहिती हवी होती. माती कशी? तांबडी की काळी? विहिरीचं पाणी खारट नाही ना? आणि पाऊस किती?

"बघून सांगते," मी म्हणाले.

मावशीच्या खाटेखाली माझी ट्रंक होती. तिच्यात शाळेचं भूगोलाचं पुस्तक होतं. वैनी गेल्यावर मी ते काढलं. एडनला अर्धं पान दिलं होतं. विझलेल्या ज्वालामुखीचा काळा खडक. पाऊस काही वर्षी पडतच नाही. झाडी नाही. गोडं पाणी साठवून पुरवून वापरतात. बोटी तिथे थांबतात त्या कोळसा भरून घेण्यासाठी. शेजारी चित्र होतं: डोंगर, आणि डोंगरावर काही नाही. हे पान मी शाळेत पाठ केलेलं असणार, कारण समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीची खूण होती.

दुसऱ्या दिवशी वैनींनी विचारलं, "बघितलंस? पाऊस?"

"पुष्कळ पडतो," मी म्हणाले.

पहिलं 'हो' अडाणीपणातलं होतं. हे तसं नव्हतं. खरं सांगितलं की दोन वाजता कुणी यायचं नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं होतं. वैनींना गोष्ट हवी होती ती एडनची म्हणून, माझी म्हणून नव्हे. एडन काढून घेतलं तर उरणार काय, तर दोनशे पानं न बोलणारा एक मळ्याचा मालक.

गोकुळाष्टमीच्या सुमाराला पुस्तक संपलं. मालक आणि मुलगी शेवटचं 'बोलले'. वैनींनी परात उचलली नाही.

"मग? लग्नानंतर?"

"आहे," मी म्हणाले, "अजून आहे."

लायब्ररीत जाऊन ते पुस्तक परत केलं. बेटांच्या फळीवरचं माझं सगळं वाचून झालं होतं, म्हणून हाताला लागलं ते दुसरं घेतलं. त्याला तेच वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. घड्या बरोबर बसल्या. नव्या पुस्तकातली गोष्ट एका बर्फाळ शहरातल्या इस्पितळात घडत होती. मी पानावर बर्फ बघत असे आणि तोंडानं बेट सांगत असे. मुलगी आता मळ्याची मालकीण झाली होती. तिनं विहिरीवर रहाट बसवला. पोफळीच्या बुंध्यांवर मिरवेली चढवल्या. सावलीला जायफळ लावलं. घराच्या मागे आंबा होता, त्यावर पावसात सीतेची वेणी फुलली. हे सगळं मी वैनींकडूनच ऐकलेलं होतं, कधी कुठे त्या सहज बोलून गेलेल्या होत्या. तेच मी त्यांना परत वाढत होते, आणि त्या डोळे मिटून ऐकत. इंग्रजी पुस्तकात मालवणचं आगर कसं आलं, हे त्यांना एकदाही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, आणि त्यांनाही विचारायचं नसेल.

"मोठंच आहे पुस्तक," त्या एकदा म्हणाल्या.

"हो."

माझं मराठी मात्र सुधारत होतं. नळावर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय गं, मालवणची कधी झालीस?" सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले. त्या दिवशी मी माझी कळशी स्वतः भरून आणली.

नवरात्राच्या आधी गावाहून एक ओळखीचे गृहस्थ बोटीनं आले. दीर भाऊच्या धक्क्यावर जाऊन गाठोडं घेऊन आला. वैनींनी मागवलं होतं ते सगळं त्यात होतं. हातभर कोंब आलेला नारळ. चाफ्याच्या दोन फांद्या, टोकाला राख लावून, चिंध्यांत गुंडाळलेल्या. ओल्या काथ्यात बांधलेले हळदीचे गड्डे. मिरवेलीचे तुकडे. सगळं बादलीत ठेवून वैनींनी ती मोरीच्या कडेला सावलीत ठेवली. चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या.

"वैनी, बोटीवर झाडं नेऊ देणार नाहीत," दीर म्हणाला.

"का नेऊ देणार नाहीत? हिला विचार. तिकडे सगळे झाडंच लावतात."

दिरानं माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं.

"लावतात," मी म्हणाले.

तो नारळाचा कोंब रोज वाढत होता. मी दारात आले की आधी तो दिसे. फिकट हिरवा, दुमडलेला, अजून पान उलगडलेलं नाही. वैनी तो मला लेकराच्या कौतुकानं दाखवत. एकदा परात मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "तुला सांगू? मला फार भीती होती. नवरा की आगर, असं कुणी विचारलं तर बाईनं काय सांगायचं? आगर म्हटलं तर लोक शेण घालतील तोंडात. आणि नवरा म्हटलं तर..." त्यांनी एक वाल सोलला. "तीन वर्षं झाली गो. त्यांचा चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो. आंब्याची खोडं मला डोळे मिटून सांगता येतात." मग वालाचं साल उडवून म्हणाल्या, "पण आता काय, दोन्ही मिळतात. तूच दिलंस."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी झोपले. सकाळी उठल्यावर आठवलं, एवढंच. कॉलेज चालू होतं. तासाला बसले. मास्तर काय शिकवत होते ते ऐकू आलं नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत वाक्यं लिहून पाहत होते: 'वैनी, माझी चूक झाली.' 'वैनी, पुस्तकात चुकीचं दिलं होतं.' दुसरं वाक्य मला बराच वेळ आवडलं होतं. मग मी पान फाडलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मावशी घरी होती. शाळेला सुट्टी होती. ती खाली नळावर धुणं धूत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तिच्याशी मोर्च्याला कोण कोण येणार यावर बोलत होत्या. वैनींनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दोन पत्रं लिहून तयार होती. चौथीपर्यंत शिकलेलं ठसठशीत अक्षर. इंग्रजी पत्ता तेवढा मी घालायचा, हे कधीपासूनच ठरलेलं. त्यांचे यजमान पाकिटावरचं माझं अक्षर ओळखत असतील असं मला कधीकधी वाटे.

"वाचून दाखवते," वैनी म्हणाल्या. "चुकलं असेल तर सांग."

एडनचं पत्र लहान होतं. 'मी येते. रोपे आणते. घराच्या मागे जागा साफ करून ठेवावी, ऊन सकाळचे मिळेल अशी. पाण्याची सोय जवळ हवी. बाकी काही नको.' दुसरं पत्र सासूबाईंना होतं. आगर चुलत भाऊजींना द्यावे, माझी हरकत नाही. आंब्याला कुऱ्हाड लावू नये एवढे सांगावे.

दीर चपला घालून दारात उभा होता. छापखान्यात जाता जाता तो दोन्ही पत्रं पेटीत टाकणार होता.

"लिहा पत्ता," तो म्हणाला. "मला उशीर होतोय."

मी पाकीट पुढ्यात ओढलं. यजमानांचं नाव लिहिलं. कंपनीचं लिहिलं. बंदराचं लिहिलं. खाली एकच शब्द राहिला होता, इंग्रजी चार अक्षरांचा. पहिलं अक्षर काढलं आणि टाक थांबला. त्या अक्षराच्या पायाशी शाईचा थेंब जमला आणि पसरू लागला. वैनींनी टिपकागद पुढे केला. त्यांच्या बोटांना ओल्या मातीचा वास होता. त्यांच्यामागे बादलीत नारळाचं पहिलं पान उलगडलं होतं, पंख्यासारखं, अजून चुण्या तशाच.

मला अजून आठवतं ते हे की मी त्या वेळी वैनींचा विचार करत नव्हते. मी उद्याच्या दोन वाजण्याचा विचार करत होते. गॅलरीतली आमच्या दारापुढची फरशी, जिथे परात टेकून टेकून एक गोल उमटला होता, ती रिकामी दिसत होती. नंतर कितीतरी दुपारी ती मी तशी पाहिली. पण पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा, टाक हातात धरून.

"काय झालं गो?" वैनी म्हणाल्या. "विसरलीस?"

खाली नळ बंद झाला. एकदम शांत झालं. मी टाक खाली ठेवला. माझा आवाज निघाला तो माझ्या अंदाजापेक्षा खूप मोठा निघाला. खाली मावशीचं धुणं बडवणं थांबलं, म्हणजे तिलाही तो ऐकू गेला असणार.

"वैनी, एडनला एकही झाड नाही. पाऊसही पडत नाही. पुस्तकातलं बेट दुसरंच होतं, आणि तेही कधीच संपलं, पुढचं सगळं मी तुमच्याच आगरातलं सांगत होते. आणि मला हे नागपंचमीपासून ठाऊक आहे."